सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी बेंबीच्या वर दुखतंच: पुढचा तपास कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, राहणं हडपसरला, बसून करायची नोकरी. गेल्या वर्षी पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचा मोठा झटका आला आणि तेव्हापासून, म्हणजे १४ महिने, बेंबीच्या वर पोट दुखतं. सोनोग्राफी दोनदा नॉर्मल. एंडोस्कोपीत ‘माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (जठराच्या खालच्या भागाला सौम्य सूज), एच. पायलोरी (जठरात राहणारे जंतू) निगेटिव्ह. पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारं) आणि लेव्होसल्पिराइड (जठराची हालचाल वाढवणारं) एकत्र असलेली कॅप्सूल ११ महिने रोज चालू आहे. वजन ६२ वरून ५९ किलो झालंय. तीन डॉक्टरांनी ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ सांगितलं. आता संपूर्ण पोटाचा सीटी स्कॅन करून टाकावा का?

सीटी लागेल की नाही ते पुढे ठरेल, पण आज लगेच नाही. त्याआधी दोन गोष्टी करायच्या राहिल्यात आणि त्या दोन्ही स्वस्त आहेत. एक, झालेले रिपोर्ट नीट वाचणं. दुसरी, दुखण्याची जागा आणि वेळ नक्की करणं. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. सोनोग्राफी नॉर्मल याचा अर्थ पित्ताशयात खडा दिसला नाही, यकृत-मूत्रपिंड ठीक आहेत, एवढाच. जठराच्या आतलं अस्तर, पोटाच्या भिंतीतल्या नसा, जठर कसं हलतं, यातलं काहीही सोनोग्राफीत दिसत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचं’ हे मला अजिबात मान्य नाही. आणि ‘दुखतंय म्हणजे काहीतरी भयंकर लपलंय’ हेही खरं नाही.

आधी तातडीचं. डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट आणि उग्र वासाची नसते), रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डोळे पिवळे होणं, पोट लाकडासारखं कडक होणं, थंडी-तापासह उजव्या बाजूला कळ, यांपैकी काहीही झालं तर ओपीडीची वाट पाहू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. आणि आपल्याकडे फार वेळा चुकणारी गोष्ट: जिना चढताना, भरभर चालताना किंवा जड पिशवी उचलल्यावर छातीच्या खालच्या खळगीत दाब येतो आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत जातो, ते दुखणं पोटाचं नसून हृदयाचं असू शकतं. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हे ‘गॅस झालाय’ म्हणून हमखास सोडून दिलं जातं. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी असं लक्षण असेल तर फिजिशियनला ते स्पष्ट सांगा. आणि घाम, धाप यांसह दाब १५-२० मिनिटं टिकला तर तेव्हाच निघायचं.

आता शब्दांचा घोळ. मराठीत ‘पित्त’ म्हटलं की घशाशी आंबट येणं, डोकं दुखून उलटी होणं, अंगावर गांधी उठणं आणि पित्ताशयातला खडा, हे सगळं एकाच शब्दात जातं. ‘गॅस’चंही तेच. डॉक्टरांसमोर हे दोन शब्द वापरूच नका. जळतंय, टोचतंय, पिळवटतंय, जड झालंय, दोन घासांतच पोट भरतंय, मळमळतंय, यातलं जे असेल ते सांगा. ‘पित्ताचा त्रास’ ऐकला की पेन आपोआप आम्लाच्या गोळीकडे वळतं आणि तपास तिथेच संपतो.

तुमचे रिपोर्ट पुन्हा काढा. सोनोग्राफीच्या कागदावर शेवटचा निष्कर्ष वाचून थांबू नका, वर स्वादुपिंडाची ओळ शोधा. तिथे ‘आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड पूर्ण दिसलं नाही’ या अर्थाचं वाक्य फार वेळा असतं. तसं असेल तर स्वादुपिंड नॉर्मल आहे असं कुणीही म्हटलेलं नाही, ते पाहिलंच गेलेलं नाही. ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ लिहिलं असेल तर त्यावर दुखण्याचं खापर फोडू नका, तेवढ्याने सहसा दुखत नाही. सोनोग्राफी ६ ते ८ तास उपाशीपोटी झाली होती का तेही आठवा. नाश्ता करून गेलं की पित्ताशय आकसतं आणि लहान खडे निसटतात.

एंडोस्कोपीतला ‘माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस’ हा शेरा काहीही त्रास नसलेल्या माणसांतही सर्रास मिळतो. १४ महिन्यांच्या दुखण्याचं कारण म्हणून तो पुरत नाही. खरा धागा पुढच्या शब्दात आहे: एच. पायलोरी निगेटिव्ह. हे जंतू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी शोधले. जठराचा दाह आणि अल्सर यांच्याशी त्यांचा संबंध दाखवल्याबद्दल दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या चालू असताना हे जंतू दबतात, कमी होतात आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येते. तुमची एंडोस्कोपी गोळ्या चालू असताना झाली असेल तर त्या निगेटिव्हला किंमत नाही.

फेरतपासणी अशी करायची: पॅन्टोप्राझोल (किंवा ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल) निदान २ आठवडे बंद आणि ४ आठवड्यांत कुठलंही अँटिबायोटिक घेतलेलं नाही, मग शौचातली अँटिजेन तपासणी किंवा श्वासाची युरिया तपासणी. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर ॲन्टासिडचं पातळ औषध चालतं. रक्तातली अँटिबॉडी तपासणी करू नका. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. जंतू निघाले तर बहुतेक वेळा १४ दिवसांचा कोर्स असतो, त्यातल्या गोळ्या मध्ये सोडायच्या नाहीत. कोर्स संपल्यावर ४ आठवड्यांनी जंतू गेले का ते पुन्हा तपासायचं. हे शेवटचं पाऊल जवळजवळ सगळेच विसरतात. मात्र ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालाय किंवा जे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतात, त्यांनी आम्लाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

इथे एक खोडा येतो. अनेक महिने चाललेली ही गोळी एकदम बंद केली की पहिले काही आठवडे आम्ल उसळून वाढतं. पोटाची कसलीच तक्रार नसलेल्या लोकांनाही ८ आठवडे गोळी देऊन बंद केल्यावर जळजळ सुरू झाल्याचं दिसलेलं आहे. म्हणून ‘बंद केली की त्रास होतो, म्हणजे मला ती लागतेच’ हा हिशेब चुकतो. आधी एक दिवसाआड, मग बंद, असं डॉक्टरांना विचारून उतरा. आणि कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड ११ महिने घेण्याचं औषध नव्हे. त्याने प्रोलॅक्टिन वाढतं, पाळी चुकते, छातीतून दुधासारखा स्राव येतो, काहींना हात थरथरणं किंवा तोंडाच्या नकळत हालचाली सुरू होतात. यातलं काही जाणवत असेल तर पुढच्या भेटीत पहिल्यांदा हेच बोला.

आता जागा. एक चाचणी घरीच करता येते आणि ओपीडीत ती क्वचित होते. सपाट पलंगावर उताणं झोपा, पाय सरळ. जिथे सर्वांत जास्त दुखतं ती जागा एका बोटाच्या टोकाने शोधा आणि दाबून ठेवा. आता हात न टेकता डोकं आणि खांदे पलंगावरून चार बोटं उचला, म्हणजे पोटाचे स्नायू ताणले जातील. बोट तसंच दाबलेलं हवं. स्नायू ताणल्यावर दुखणं कमी झालं तर मूळ आत असण्याची शक्यता जास्त, कारण ताणलेला स्नायू आतल्या अवयवासमोर ढाल होतो. तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर दुखणं पोटाच्या भिंतीतलं असू शकतं. मधल्या उभ्या स्नायूच्या बाहेरच्या कडेशी त्वचेकडे येणाऱ्या बारीक नसा स्नायूतून वर येतात, तिथे एखादी अडकते. अशा दुखण्याची जागा नाण्याएवढी असते, बोटाने नेमकी दाखवता येते. तिथली कातडी चिमटीत धरली तर दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त झोंबते, किंवा उलट बधिर लागते. कूस बदलताना, खोकताना, गाडीची किक मारताना दुखतं आणि जेवणाशी फारसा संबंध नसतो.

ही चाचणी शंभर टक्के अचूक नाही, पण तिच्यावरून डॉक्टर त्या बिंदूत बधिर करण्याच्या औषधाचं, लिग्नोकेनचं, इंजेक्शन देऊन पाहू शकतात. काही मिनिटांत दुखणं निम्म्याहून खाली आलं तर निदान जवळजवळ हातात आलं. वेदना उपचार करणाऱ्या क्लिनिकमध्ये किंवा सर्जनकडे हे होतं. अशा रुग्णाच्या चार सोनोग्राफ्या, दोन एंडोस्कोप्या झालेल्या असतात आणि पोटाला बोट लावून कुणी पाहिलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. पट्ट्यासारखं, एकाच बाजूला, पाठीकडून पुढे येणारं जळजळतं दुखणं असेल तर नागीण किंवा पाठीच्या मणक्यातून निघणारी नस, हेही बघावं लागतं. नागिणीत पुरळ दिसण्याआधी काही दिवस नुसतंच दुखतं.

मग वेळ. पित्ताशयाच्या खड्याची कळ रोजची नसते. ती चढत जाते, एका पातळीवर अर्ध्या तासापासून काही तास टिकते, उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाते. ढेकर देऊन, कूस बदलून, शौचाला जाऊन ती थांबत नाही. मग आठवडे-महिने काहीच नसतं. म्हणून रोज जेवल्यावर पोट जड होणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत योगायोगाने खडा सापडला तर घाईने पित्ताशय काढून घेऊ नका, ऑपरेशननंतर तेच दुखणं तसंच राहण्याची शक्यता मोठी. उलट कळ अगदी अशीच असेल आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल तर पुढच्या वेळी दुखत असतानाच किंवा २४ तासांच्या आत रक्त द्या: यकृताच्या तपासण्या आणि लायपेज (स्वादुपिंडाची तपासणी). एरवी नॉर्मल असलेले आकडे त्या दिवशी वाढलेले सापडले तर पित्तनलिकेतून काहीतरी सरकलं असण्याची शंका येते, आणि मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी सांगायला ठोस कारण मिळतं. घराजवळच्या लॅबचा नंबर आणि डॉक्टरांची चिठ्ठी आधीच जवळ ठेवा, रात्री दुखायला लागल्यावर शोधाशोध होत नाही.

स्वादुपिंडाचं जुनाट दुखणं पाठीत आरपार जातं, उताणं झोपल्यावर वाढतं, पुढे वाकून बसल्यावर थोडं हलकं वाटतं. दारू, तंबाखू ही मोठी कारणं, पण दोन्हींना हात न लावणाऱ्यांनाही होतं. इथे रक्तातलं अमायलेज-लायपेज बहुधा नॉर्मलच येतं, त्यावर विसंबू नये. तेलकट, पाण्यावर तरंगणारी, फ्लश करूनही चिकटून राहणारी शौच, नव्याने निघालेली साखर आणि घटतं वजन, हे एकत्र असेल तर सीटीला खरोखर जागा आहे, तोही स्वादुपिंडासाठी ठरवून केलेला. शौचातलं इलॅस्टेज (स्वादुपिंडातून येणारा पाचक रस) दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर स्वादुपिंड कमी पडत असल्याची शंका घ्यायची. मात्र शौच पातळ असेल तर ते खोटं कमी येतं.

सीटीबद्दल एवढंच की पोटाच्या एका साध्या सीटीत साधारण ३ वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतका डोस मिळतो. गरज असेल तेव्हा तो नक्कीच परवडतो, पण ‘बघूया तरी’ म्हणून दरवर्षी नको. शिवाय सीटीत इतर काहीबाही दिसतंच: मूत्रपिंडावरची गाठ, यकृतातला ठिपका, जठराच्या मोठ्या रक्तवाहिनीवर आलेला छाती-पोटामधल्या पडद्याचा दाब. हा शेवटचा प्रकार कसलाही त्रास नसलेल्या बऱ्याच लोकांतही दिसतो. खाल्लं की दुखतं, म्हणून खायचीच भीती वाटते आणि वजन ढासळतंय, असं चित्र असेल तरच त्यामागे लागायचं.

तुमच्या वजनाकडे येऊ. ६२ वरून ५९ म्हणजे जवळजवळ ५ टक्के, आणि वर्षभरात प्रयत्न न करता ५ टक्के घटणं हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पण १४ महिन्यांत तुम्ही किती पदार्थ सोडले? डाळ सोडली, पोळी सोडली, रात्री नुसता मऊ भात, असं झालं असेल तर वजन जेवणामुळे उतरलंय. चार आठवडे पोटभर, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा आणि दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर वजन करा. पुरेसं खाऊनही काटा उतरतच राहिला तर तपासाचा वेग वाढवायचा. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम सोबत असेल तर आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग लक्षात ठेवावाच लागतो.

रक्ताच्या मूळ तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या: हिमोग्राम, सीआरपी (शरीरातली सूज), यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, कॅल्शियम, लायपेज, सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हाने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची टीटीजी आयजीए, शौच आणि लघवी. टीटीजी करायच्या आधी पोळी बंद करू नका, गहू पोटात नसेल तर ती खोटी नॉर्मल येते. घरातल्या गोळ्यांचीही झडती घ्या. गुडघ्यासाठी किंवा पाळीच्या वेळी घेतलेलं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, लोहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, मुरुमांसाठीचं डॉक्सिसायक्लिन, हे सगळे पोट दुखवतात. एखादं भस्म किंवा घटक न लिहिलेली पुडी चालू असेल तर लपवू नका. त्यातल्या शिशाने पोटात कळा येतात आणि रक्तातलं शिसं मोजता येतं.

दोन आठवडे वही ठेवा, त्याहून जास्त नको, नाहीतर दिवसभर लक्ष पोटाकडेच लागतं. एका ओळीत पाच गोष्टी: कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, १० पैकी किती, आधीच्या ३ तासांत काय खाल्लं, तेव्हा काय करत होता. नमुना: ‘मंगळवार, दुपारी २.१०, दीड तास, ६, डब्यातली पोळी-छोले सव्वा वाजता, खुर्चीत बसून.’ मग ओपीडीत वही पुढे करू नका, तिचं सार एका पानावर लिहून न्या. सोबत रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल, सीटी झाला असेल तर त्याची सीडी आणि एंडोस्कोपीत तुकडा घेतला असेल तर त्याचा रिपोर्ट. ससूनला जायचं असेल तर सकाळी केसपेपर काढून आधी मेडिसिन ओपीडी, तिथून पुढे पाठवतात. तिथे दर वेळी वेगळे डॉक्टर भेटू शकतात, म्हणून ते एक पान तिथे जास्तच उपयोगी. खासगीत जात असाल तर एकच फिजिशियन किंवा पोटविकारतज्ज्ञ धरा. कोथरूडला एक, कॅम्पात दुसरा, औंधला तिसरा असं फिरलं की प्रत्येक जण पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो. भेटीत तीन प्रश्न विचारा: तुमच्या मनात कोणती दोन-तीन कारणं आहेत? ही तपासणी त्यातल्या कशासाठी? ती नॉर्मल आली तर पुढे काय?

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे पावसाळ्यातला तो झटका आणि त्यानंतर मागे लागलेलं दुखणं पाहता, फंक्शनल डिस्पेप्सियाची शक्यता सर्वांत जास्त वाटते. दुखणं ६ महिन्यांपूर्वी सुरू झालेलं, गेले ३ महिने चालू, एंडोस्कोपीत कारण नाही, आणि खळगीत दुखणं-जळणं किंवा जेवल्यावर जडपणा-लवकर पोट भरणं, असं त्याचं चित्र ठरलेलं आहे. ‘काही सापडलं नाही’ याचं हे दुसरं नाव नव्हे. जेवण आत आलं की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करायला हवा, तो पडत नाही. जठराच्या नसा नेहमीच्या ताणालाही दुखणं म्हणून कळवतात. जंतुसंसर्गानंतर लहान आतड्याच्या सुरुवातीला सौम्य सूज रेंगाळते. हे सगळं शरीरात घडतं, फक्त कॅमेऱ्याला दिसत नाही. ताणाने ते वाढतं हे खरं, पण ताण हेच कारण, असं नाही.

उपचारांची शिडी अशी. जंतू असतील तर ते आधी घालवायचे. त्याने काही जणांचंच दुखणं जातं आणि फरक दिसायला काही महिने लागतात. आम्लाची गोळी ४ ते ८ आठवडे, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. जेवणानंतर घेतली तर तिचा जोर कमी पडतो. ८ आठवड्यांत फरक नाही तर ती बंद, डोस वाढवत बसायचं नाही. जडपणा जास्त असेल तर जठराची हालचाल सुधारणारं अकोटियामाइड किंवा इटोप्राइड. दुखणं जास्त असेल तर ॲमिट्रिप्टिलीन (मूळचं नैराश्यावरचं औषध), रात्री १० मिलिग्रॅमपासून, हळूहळू २५ पर्यंत. चिठ्ठीवर हे नाव पाहून ‘मला वेडाची गोळी दिली’ असं समजून लोक ती फेकून देतात. या डोसला ती नसांचा आवाज खाली आणते. पहिल्या आठवड्यात सकाळी झोप आवरत नाही, तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो, आणि गुण यायला ३-४ आठवडे लागतात. बहुतेक जण दहाव्या दिवशीच सोडतात. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा आजार किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा.

खाण्यात आमटी-भात सोडण्यापेक्षा मापं बदला. दुपारचं एक मोठं जेवण दोनात वाटा. तेल जठराला रेंगाळवतं, म्हणून मिसळीतल्या मटकीपेक्षा वरचा तर्रीचा थर जास्त बाधतो. उपासाची साबुदाण्याची खिचडी हलकी समजून खाल्ली जाते, पण शेंगदाण्याचा कूट आणि तुपामुळे ती जड असते, आणि त्याआधी आठ तास पोट रिकामं असतं. रिकाम्या पोटी लागोपाठ दोन चहा नकोत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा. एखादा पदार्थ वगळायचा तर एका वेळी एकच, २ आठवडे. फरक नसेल तर तो परत ताटात आणा. जेवल्यावर ५-१० मिनिटं पोटाने संथ श्वास घ्या: एक हात छातीवर, एक पोटावर, फक्त पोटावरचा हात हलला पाहिजे, मिनिटाला सहा श्वास.

एकदा निदान ठरलं की ८ आठवड्यांनी भेट, मग ३ महिन्यांनी. दरम्यान तपासण्या पुन्हा करायच्या नाहीत. फाइल पुन्हा उघडायची ती एवढ्यासाठी: दुखण्याने झोपेतून जाग येऊ लागली, पुरेसं खाऊन वजन उतरतंय, गिळताना अडकतंय, हिमोग्लोबिन घसरलं, उलट्या थांबत नाहीत, नव्याने साखर निघाली, जवळच्या नात्यात जठराचा कर्करोग असल्याचं कळलं, किंवा दुखण्याची जागा आणि तऱ्हाच बदलली.